मदत हवी आहे: ट्रॅप कमी-जास्त असताना भुंगेऱ्यांच्या प्रजातींची तुलना कशी करायची?

एमएस्सी प्रोजेक्टसाठी सिंधुदुर्गात ग्राउंड बीटल म्हणजे कॅराबिडी कुळातले भुंगेरे तीन ठिकाणी बघतोय, सागाची लागवड, ऑस्ट्रेलियन अकेशियाची लागवड आणि तोड न झालेलं मिश्र जंगल. प्रत्येकात ३ प्लॉट, प्लॉटला ८ पिटफॉल ट्रॅप, म्हणजे जमिनीच्या लेव्हलला गाडलेले प्लास्टिकचे ग्लास, आत प्रोपिलीन ग्लायकॉल (पडलेले किडे टिकवणारा द्रव), वर झाकण. जून ते सप्टेंबर दर १५ दिवसांनी रिकामे केले.

अडचण अशी की अकेशियातले जवळजवळ निम्मे ट्रॅप रानडुकरांनी उकरले, जाळी ठोकली तरी उपयोग नाही, आणि आता तिथे प्रजाती कमी दिसतायत त्या खरंच कमी आहेत की ट्रॅपच कमी होते ते कळत नाहीये. दर ट्रॅप-दिवसामागे किती नग हे काढलं, पण त्याने फक्त नगांचा हिशोब जुळतो, प्रजातींचा नाही. शिवाय सागाखालचा झाडोरा काढलेला, मोकळ्या जमिनीवर भुंगेरे जास्त फिरतात म्हणून जास्त पडतात, हेही आहेच.

ओळख जीनसपर्यंत (प्रजातीच्या वरचा गट) झालीय, पुढे मॉर्फोस्पीशीज, म्हणजे नाव न लावता दिसण्यावरून वेगळे केलेले प्रकार, केलेत. परत सॅम्पलिंग शक्य नाही, पावसाळा गेला आणि सबमिशन मार्चमध्ये. आर (आकडेवारीसाठीची प्रोग्रामिंग भाषा) येतं, कोड चालेल.

तर रेअरफॅक्शन, म्हणजे सगळीकडे सॅम्पल सारखंच असतं तर किती प्रजाती मिळाल्या असत्या याचा अंदाज, नगांच्या संख्येवर करू की ट्रॅपच्या संख्येवर? आणि एका प्लॉटमधले ८ ट्रॅप वेगवेगळे सॅम्पल धरायचे की एकत्र करून एकच?