पुरीच्या समुद्रावरचा सूर्योदय: फोटो कसा काढू, एडिट किती करू?

नवखी_विश्रामबाग
नमस्कार मंडळी. जानेवारीत आई-बाबांना घेऊन जगन्नाथपुरीला चाललेय. कोकणात सूर्य समुद्रात बुडताना पुष्कळदा पाहिलाय, पण तिकडे तो उगवतो सह्याद्रीच्या मागून. पाण्यातून वर येणारा सूर्य अजून पाहिलेला नाही, तो नीट टिपायचाय.

भावाचा जुना कॅनन १५००डी आहे, सोबतची १८-५५ लेन्स आणि साधा ट्रायपॉड. सध्या पहाटे कृष्णेपलीकडे सांगलवाडीच्या बाजूला जाऊन सराव करते. तिथून पाण्यापलीकडे सांगलीच्या मागे सूर्य वर येतो. आकाशाचा रंग आला की नदी आणि काठ काळेठिक्कर. काठ दिसेल असं केलं की सूर्याभोवती पांढरा डाग. मोबाइलवरच्या लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या अ‍ॅपमध्ये शॅडो वर ओढल्या, म्हणजे अंधारे भाग उजळ केले, की फोटो खोटा वाटायला लागतो. का वाटतो, ते मात्र सापडत नाही. कुणी सांगेल का?

घाटावरचा
रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढताय ना? जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेल्या फोटोत असाल तर आधी ते बदला. बाकी जाणकार सांगतीलच.

मिरज_स्टुडिओ
ताई, दिवसभर लग्नाचे अल्बम करतो, पण पहाटेचा उजेड हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सराव कृष्णेवर करताय हे फार चांगलं केलंत. वर उजळ आकाश, खाली अंधारा काठ, मध्ये चकाकणारं पाणी. पुरीलाही हाच पेच आहे. इथे सांगलीच्या आयर्विन पुलाची कमान, तिथे होडी, एवढाच फरक.

पहिलं म्हणजे, काय काळं राहू द्यायचं ते आधी ठरवा. सगळं दिसलंच पाहिजे हा हट्ट सोडा. पुरीला वाळूवर ओढून ठेवलेल्या मच्छीमारांच्या होड्या असतात. होडीचं टोक आकाशावर स्वच्छ उठून दिसत असेल तर ती खुशाल काळी राहू दे. दोन होड्या एकमेकींत मिसळत असतील तर पाऊलभर बाजूला सरका. हे काम एडिटिंगमध्ये होत नाही.

एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, आकाशाकडे बघून ठरवा. रॉ फाइलमध्ये अंधारातून बरंच काही वर काढता येतं, पण जे पांढरं होऊन गेलं ते परत येत नाही. आणि पहाटेची खास गोष्ट अशी की सूर्याजवळ आधी लाल रंग भरून वाहतो. साधा हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे अंधार आणि उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख, ठीक दिसतो, पण लाल केव्हाच उजव्या भिंतीला टेकलेला असतो. मग केशरी जाऊन सपाट पिवळा डाग उरतो. म्हणून तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावा आणि लालवर नजर ठेवा.

आकडे विचाराल तर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८ ते एफ/११. उगवण्याआधी वीसेक मिनिटं शटर सेकंदाच्या आसपास जाईल, बिंब वर आल्यावर १/२५० किंवा त्याहून जलद. रंग बहुतेक वेळा बिंब दिसण्याआधीच भरतो, त्यामुळे अंधारातच पोचा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा केशरी रंग धुऊन टाकू बघतो, तो डेलाइटवर ठेवा. आणि बिंब वर आलं की व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नका, मागच्या स्क्रीनवरच बघा. डोळ्याला इजा होते.

लाटेचं एक बघून ठेवा. लाट येताना नको, परत जाताना शटर अर्धा सेकंद ठेवून क्लिक करा. ओल्या वाळूवर फेसाच्या रेघा ओढल्या जातात आणि त्यांत आकाशाचा रंग उतरतो. मात्र तेच परतणारं पाणी ट्रायपॉडच्या पायाखालची वाळू ओढून नेतं आणि फोटो हलतो. पाय आधी दाबून रोवा, एक-दोन लाटा जाऊ द्या, मगच काढा.

आता तुमचा खरा प्रश्न. पाण्यात दिसतं ते आकाशाचंच प्रतिबिंब, आणि प्रतिबिंब मूळ उजेडापेक्षा नेहमी थोडं मंद असतं. शॅडो ओढता ओढता पाणी त्याच्या वरच्या आकाशाइतकं किंवा त्याहून उजळ झालं की डोळा लगेच अडखळतो. कारण सांगता येत नाही, पण पटत नाही. म्हणून शॅडो अख्ख्या फोटोला लावू नका. फक्त काठावर मास्क लावून, म्हणजे काठ निवडून, तेवढाच भाग हलका उचला, पाणी आकाशापेक्षा एक छटा खालीच ठेवा. सगळेच रंग गडद करणाऱ्या सॅच्युरेशनला मी हात लावत नाही, फिके रंग उठवणारं व्हायब्रन्स किंचित. क्षितिज सरळ करायला विसरू नका. समुद्र कललेला दिसला की बाकी सगळं वाया. संगणकावर करायचं असेल तर डार्कटेबल हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि उत्तम आहे.

भूगोल_सातारा
घड्याळाचं लक्षात ठेवा. पुरी आपल्यापेक्षा सुमारे अकरा रेखांश पूर्वेला आणि एका रेखांशाला चार मिनिटं. थंडीत अक्षांशामुळे त्यातली थोडी कमी होतात, तरी जानेवारीत सांगलीत सातनंतर उगवणारा सूर्य तिथे साडेसहाच्या सुमाराला वर येतो. सांगलीच्या सवयीने निघालात तर रंग संपलेला असेल. शिवाय तिथला किनारा साधारण आग्नेयेला तोंड करून आहे आणि थंडीत सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला उगवतो, म्हणजे तुमच्या दिवसांत तो पाण्यावरच दिसेल. रथसप्तमी त्याच दिवसांत येत असेल तर कोणार्कजवळच्या चंद्रभागा किनाऱ्यावर पहाटे स्नानाला मोठी गर्दी असते. माणसांसह सूर्योदय हवा असेल तर जरूर जा.

नवखी_विश्रामबाग
पाणी आकाशापेक्षा उजळ! कालचा फोटो उघडून बघितला, अगदी तसंच झालंय. मनापासून आभार दादा, सर. एक शेवटचं: खाऱ्या हवेने कॅमेरा खराब होईल का? भावाला जसाच्या तसा परत द्यायचाय.

मिरज_स्टुडिओ
वाळूत लेन्स बदलू नका. खोलीवर आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने कॅमेरा बाहेरून पुसा, मग कोरड्याने. काचेवर तुषार उडाले असतील तर कोरडं घासू नका, मीठ ओरखडे पाडतं. ट्रायपॉडचे पाय उघडून नळाखाली धुवा. आणि खोलीत एसी असेल तर बाहेर पडल्यावर बॅग लगेच उघडू नका, गार काचेवर वाफ धरते. बॅग बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर आणा. निघण्याआधी कृष्णेवरची एखादी रॉ फाइल इथे टाका, मास्क कुठे लावायचा ते त्याच फोटोवर दाखवतो.