सोसायटी ग्रुप: छोट्या शाळेचा दहावीचा निकाल कसा वाचायचा

सी-१०२: महापालिकेच्या एखाद्या छोट्या माध्यमिक शाळेचा दहावीचा निकाल तीन वर्षांत १०० टक्क्यांवरून ऐंशीच्या घरात आला असेल, तर नववीला तिथे प्रवेश घ्यावा की नाही? जाणकारांनी सांगा.

ए-५०१ (निवृत्त मुख्याध्यापक): टक्के नंतर. आधी विचारा, बसले किती? समजा पहिल्या वर्षी १५ बसले, १५ पास. दुसऱ्या वर्षी १८ पैकी १७, म्हणजे ९४.४४. तिसऱ्या वर्षी २२ पैकी १८, म्हणजे ८१.८२. १८ मुलांच्या वर्गात एक नापास झाला की साडेपाच टक्के जातात. २०० मुलांच्या शाळेत तेच अर्धा टक्का. तिन्ही वर्षं एकत्र करा: ५५ पैकी ५०, ९०.९१ टक्के. छोट्या शाळेचा आकडा निदान असा तरी वाचावा.

बी-३०४: काका, तरी २२ मधले ४ नापास म्हणजे काहीतरी बिघडलंच ना?

ए-५०१: बिघडलं असेलही. पण त्याआधी मागच्या वर्षीचा नववीचा पट बघा. याच उदाहरणात पहिल्या वर्षी नववीत १९ होते आणि बोर्डाला बसले १५. दुसऱ्या वर्षी २० मधले १८. तिसऱ्या वर्षी २२ च्या २२ बसवले. आता नववीच्या पटावर पासचं प्रमाण काढा: ७८.९५, ८५, ८१.८२. फाटकावर १०० टक्क्यांचा फ्लेक्स लागला ते वर्ष तिघांत सगळ्यात कच्चं निघालं.

बी-३०४: मग पहिल्या वर्षी न बसलेली ती ४ मुलं गेली कुठे?

डी-२०१ (माध्यमिक शिक्षिका): चार वाटा असतात. दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेली, नववीतच राहिली, शाळा सुटली, किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसली. शेवटची वाट काही ठिकाणी मुद्दाम दाखवली जाते, कारण खासगी विद्यार्थी शाळेच्या निकालात धरत नाहीत. खरा दाखला घेऊन गेलेलं मूल हिशेबातून वगळा, नाहीतर शाळेवर अन्याय होतो. जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या प्रवेश-नोंदवहीत, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण दोन्ही असतं.

सी-१०२: आणि सरासरी टक्के? ७२ चांगले की वाईट?

डी-२०१: ते ७२ कसे आले ते बघा. समजा एका मुलाचे मराठी ७८, हिंदी ७४, इंग्रजी ६२, गणित ४१, विज्ञान ६६, समाजशास्त्र ८०. सहा विषयांचे ६०० पैकी ४०१, म्हणजे ६६.८३ टक्के. पण बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये सगळ्यात कमी गुणांचा विषय गळतो, म्हणून ५०० पैकी ३६०, बरोबर ७२. गळाला कोण? गणित. त्या ४१ मध्येही समजा अंतर्गत २० पैकी १९ असतील, तर लेखी ८० पैकी २२ च. अकरावी सायन्सला हीच मुलं पहिल्या घटक चाचणीत आपटतात. म्हणून विषयवार निकाल मागा, आणि लेखी गुण वेगळे मागा. अंतर्गत गुण शाळाच पाठवते, त्यामुळे नोंद तिच्याकडे असते.

ई-४०३: सरासरीचं अजून एक. १४ मुलं ५८ च्या आसपास आणि एकच ९६ वाली, तर वर्गाची सरासरी लगेच ६०.५ होते. गुण उतरत्या क्रमाने लावून मधल्या मुलाचे बघा, वर्ग कुठे आहे ते कळतं. पेढे वाटायला ती ९६ वाली ठीक आहे 😄

बी-३०४: राज्याच्या निकालाशी तुलना केली तर?

ए-५०१: करा, पण वर्ष बघून. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ ला ८९.४१, २०१९ ला ७७.१०, २०२० ला ९५.३०. एका वर्षात राज्यभरचे मास्तर बिघडले आणि पुढच्या वर्षी सुधारले, असं झालं नव्हतं. २०१९ ला भाषांचे तोंडी २० गुण काढले होते, नंतर परत आले. २०२१ ला ९९.९५, तेव्हा परीक्षाच झाली नाही. ते वर्ष कुठल्याही तुलनेत घेऊ नका.

एफ-१०१: शाळेत कुठल्या घरातली मुलं येतात त्यावरही असतं की सगळं. युडायस प्लसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर, ते दिसतं ना?

डी-२०१: काही दिसतं. इयत्तेनुसार मुलगे-मुली, सामाजिक प्रवर्ग, अल्पसंख्याक, दिव्यांग. पण घरी बोलली जाणारी भाषा आणि शाळेचं माध्यम यांतली तफावत, आईवडिलांचं शिक्षण, बांधकामाच्या साइटचं काम संपलं की कुटुंब हलतं का, हे त्यात शोधून सापडत नाही. वर्गशिक्षकाला विचारा, बोटावर मोजून सांगेल. आणि मुलं कुठल्या पातळीवर नववीत आली ते धरल्याशिवाय दहावीच्या निकालावरून शिकवणं जोखू नका. पाचवी ते दहावी सलग तिथेच शिकलेली मुलं वेगळी आणि दुसरीकडे प्रवेश नाकारल्यामुळे नववीत आलेली वेगळी. दोन्ही गट स्वतंत्र बघा.

एफ-१०१: प्रवर्गनिहाय निकाल काढला तर?

ई-४०३: २२ मुलांत एका प्रवर्गाच्या ३ मुली, त्यातली एक नापास. म्हणणार ६७ टक्के! त्याला अर्थ काय? शिवाय 'दिव्यांग १, नापास १' असं लिहिलं की नाव न घेता नाव घेतल्यासारखंच. पाचाच्या आतला गट वेगळा दाखवू नये.

ए-५०१: रिक्त पदांचं विचारायला विसरू नका. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदं ठरवताना, पदं कमी होतात, मग विज्ञानाच्या बाईच गणित घेतात. त्या नापास चौघांतले तिघं फक्त गणितात गेले असतील, तर मुलांना बोल लावण्याआधी गणिताचं पद कधीपासून रिकामं आहे ते बघा. आणि जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेला त्यांना कोणी शिकवलं का, तेही. शाळेची नियत मला तरी तिथेच कळते.

सी-१०२: आठवीला एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते म्हणे?

डी-२०१: हो. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. शासकीय, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या मुलांसाठीच. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. शाळेतून किती जण बसवतात हे जरूर विचारा, आठवीच्या तयारीचा अंदाज येतो.

बी-३०४: 📎 दहावी_निकाल_यादी.पीडीएफ

ई-४०३: दादा, हे लगेच काढा. आसनक्रमांक आणि आईचं नाव दोन्ही आहे त्यात, एवढ्यावर ऑनलाइन कोणाचीही गुणपत्रिका उघडते.

बी-३०४: काढली, सॉरी. सगळ्यांसाठी डिलीट केली.

सी-१०२: म्हणजे मागायचं ते असं: तीन वर्षांचा नववीचा पट, बसलेले-पास, विषयवार लेखी, रिक्त पदं. शनिवारी जाऊ का?

डी-२०१: शनिवारी सकाळची शाळा असते, अकराच्या आत जा. मुख्याध्यापक बैठकीला गेले असतील तर लिपिकाकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या.