मुलांना अवयव पाडता येत नाहीत, काय करू? (तातडीचं आहे)

फळा_खडू | बुधवार, रात्री ९:४०
तीन आठवडे अवयव घेतेय. फळ्यावर मी सोडवलं की सगळ्या माना हलतात, तसंच उदाहरण वहीत करायला दिलं की वर्ग गप्प. तीच उदाहरणं चार-चार वेळा करून दिली, घरी दिली, सूत्रं पाठ करून घेतली. सोमवारी घटक चाचणी आहे. 'आनंददायी शिकवा' हे कृपा करून सांगू नका, ते प्रशिक्षणात ऐकून झालंय. उद्या वर्गात जाऊन नेमकं काय करू ते सांगा.

रंकाळाकाठ | ९:५२
कितवी? आणि संख्यांचे मूळ अवयव की बैजिक राशींचे?

फळा_खडू | ९:५५
नववी. बैजिक राशींचेच.

बावडेकर | १०:०३
सर, दुखणं पाढ्यांत आहे. ज्याला बारा म्हटल्यावर तीन चोक, सहा दुणे असं चटकन सुचत नाही तो मधल्या पदाची फोड काय करणार? आम्हाला तीसपर्यंत पाढे आणि वर पावकी, निमकी होती. परिपाठ संपला की रोज दहा मिनिटं पाढे घ्या. महिन्यात फरक दिसेल, माझ्या पोरांवर करून बघितलंय.

फळा_खडू | १०:०८
मी सर नाही, मॅडम आहे. महिना माझ्याकडे नाही, चार दिवस आहेत. आणि पाढे येतात हो त्यांना.

सांगलीचा_गणितवेडा | १०:१५
जिओजेब्रा वापरा. फुकट आहे, मराठीतही चालतं. क्ष² चा चौरस, क्ष चे पट्टे, एककाचे छोटे चौकोन, सगळं पडद्यावर सरकवून आयत करून दाखवता येतं. आयताच्या दोन बाजू म्हणजेच दोन अवयव. एकदा डोळ्यांनी बघितलं की मुलं विसरत नाहीत.

फळा_खडू | १०:१९
प्रोजेक्टर एक आहे, त्याचा दिवा दिवाळीपासून गेलाय. वर्गात ५८ मुलं, तास ३५ मिनिटांचा.

सांगलीचा_गणितवेडा | १०:२२
मग जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे कापा. तत्त्व तेच.

नववीची_आई | १०:४१
माझ्या मुलाचंही हेच चाललंय. राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत चांगला क्लास कुणी सांगेल का? आणि दहावीला दोन पेपर असतात ना, मग शंभर गुण कसे होतात?

बावडेकर | १०:४६
ताई, भाग १ बीजगणित ४०, भाग २ भूमिती ४० आणि शाळेकडचे अंतर्गत २०. क्लासच्या नादाला आत्तापासून लागू नका.

जुना_गणितशिक्षक | ११:०५
मॅडम, उपाय नंतर सांगतो. एका मुलाचं चुकलेलं उदाहरण जसंच्या तसं इथं उतरवा. शाळेत एकतीस वर्षं काढल्यावर एवढं कळलंय, की 'येत नाही' यावरून काहीच समजत नाही. काय लिहिलं त्यावरून समजतं.

फळा_खडू | ११:१४
घ्या.
क्ष² − ७क्ष + १२
= क्ष² − ४क्ष − ३क्ष + १२
= क्ष(क्ष − ४) − ३(क्ष + ४)
इथंच थांबलाय. पुढं काय करायचं माहीत नाही म्हणाला. निम्म्या वर्गाचं असंच आहे. बाकीच्यांनी मधल्या पदाची फोडच केलेली नाही.

जुना_गणितशिक्षक | ११:२१
हा मुलगा हुशार आहे. फोड बरोबर केली, पहिल्या जोडीतून क्ष बरोबर काढला. अडला तो −३ बाहेर काढताना. बारातून −३ बाहेर काढल्यावर आत −४ उरायला हवे, त्यानं +४ लिहिलं. दोन कंस सारखे आले नाहीत म्हणून पुढचा रस्ताच बंद. याला अवयव येतात, चिन्हं येत नाहीत.
क्ष² + ७क्ष + १२ देऊन बघितलंत का?

फळा_खडू | ११:२४
ते बहुतेकांना येतं.

जुना_गणितशिक्षक | ११:२६
तेच म्हणतोय. उद्या अवयव नको. तासाच्या सुरुवातीला चिठ्ठीवर पाच गणितं द्या: −४ + ३, −४ − ३, ४ − ७, (−४) × (−३), १२ ÷ (−३). नाव लिहायचं नाही, गुण नाहीत, पाच मिनिटं. उत्तरं इथं टाका.

फळा_खडू | ११:३१
सर, ही सहावी-सातवीची गणितं आहेत. माझ्याकडे चार तास उरलेत आणि त्यातला एक यात घालवू?

बावडेकर | ११:३५
नियम सांगून टाका: वजा वजा अधिक, अधिक वजा वजा. आमच्या मास्तरांनी दोन ओळींत संपवला होता. एवढं खोल जायची गरज नाही.

जुना_गणितशिक्षक | ११:४०
बावडेकर, राग मानू नका, पण त्या दोन ओळींनीच घोळ होतो. हा नियम गुणाकार-भागाकाराचा. मूल तो बेरीज-वजाबाकीलाही लावतं. उद्याच्या चिठ्ठ्या बघा, −४ − ३ चं उत्तर +७ येईल.

बावडेकर | ११:४४
आमचं कधी आलं नाही.

---

फळा_खडू | गुरुवार, दुपारी ४:२०
५८ पैकी ३९ जणांनी −४ − ३ = +७ लिहिलंय. ३९. गुणाकार मात्र जवळपास सगळ्यांचा बरोबर. स्टाफरूममध्ये चिठ्ठ्या दोनदा मोजल्या. तीन आठवडे मी भलतंच शिकवत होते.

जुना_गणितशिक्षक | ४:३८
भलतं नाही, पुढचं शिकवत होतात. माध्यम कुठलं?

फळा_खडू | ४:४०
सेमी. आता सगळीकडे सेमीच की हो.

जुना_गणितशिक्षक | ४:४९
मग ही उदाहरणं मुलं मोठ्यानं वाचतात कशी? 'माइनस फोर माइनस थ्री'. दोन्हीकडे एकच शब्द. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत. ऋण म्हणजे संख्येचं चिन्ह, वजा म्हणजे क्रिया. 'ऋण चार वजा तीन' म्हटलं की चार आधीच खाली आहेत आणि आणखी तीन जाणार, हे कानालाच कळतं. ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्याचे नियम मांडले ते याच शब्दांत. धन म्हणजे गाठीला असलेलं, ऋण म्हणजे देणं. चाराचं देणं असताना आणखी तीन उधार घेतले तर सात रुपयांचा मालक झालो असं कुठलंही पोर म्हणणार नाही.

सांगलीचा_गणितवेडा | ४:५५
पण चाचणीचा पेपर इंग्रजीत येणार ना? मराठी घुसवून गोंधळ वाढेल.

जुना_गणितशिक्षक | ४:५८
लिहू दे इंग्रजीत. बोलायचं मराठीत. विचार कुठल्या भाषेत करतात ती पोरं?

उत्तरेश्वर | ५:०६
मराठी संख्यांचा विषय निघालाच आहे तर, २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' केलं तेव्हापासूनच सगळं बिघडलंय.

रंकाळाकाठ | ५:११
तेव्हा दुसरीत असलेली मुलं आणि ऋण संख्या यांचा काय संबंध? शिवाय जोडाक्षरांनी लहान मुलं अडखळतात हे खरंच आहे. त्यासाठी वेगळा धागा काढा.

उत्तरेश्वर | ५:१४
संबंध आहे. भाषा गेली की गणित जातं, वरच्या सरांनीही तेच सांगितलंय.

रंकाळाकाठ | ५:२६
मूळ विषयावर येतो. मॅडम, कोल्हापुरातल्या मुलांना ऋण संख्या शिकवायला पंचगंगेसारखं दुसरं काही नाही. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पावसाळ्यात घरातलं प्रत्येक माणूस सकाळी उठून आधी हा आकडा विचारतं, चौथीतल्या पोरालाही तो ठाऊक असतो. फळ्यावर उभी रेषा काढा आणि ३९ ला शून्य म्हणा. पाणी ३५ फुटांवर म्हणजे −४. आणखी तीन फूट उतरलं, कुठं आलं? −७. +७ म्हणणाऱ्याला विचारा, म्हणजे ४६ फूट? पाणी उतरलं की चढलं?
गुणाकारही यातच बसतो. पाणी रोज दोन फूट उतरतंय, म्हणजे −२. तीन दिवसांपूर्वी, म्हणजे −३. तेव्हा पाणी आजच्यापेक्षा सहा फूट वर होतं. (−२) × (−३) = +६. पाठ करायला काही राहत नाही.

बावडेकर | ५:३३
हे मात्र पटलं. २०१९ चा पूर आम्ही बावड्यात बघितलाय, आकडा विसरणं शक्य नाही.

गडहिंग्लजकर | ६:०२
मी चिंचोके वापरते. फोडलेला चिंचोका एका बाजूनं पांढरा, दुसऱ्या बाजूनं तपकिरी. पांढरा धन, तपकिरी ऋण. एक पांढरा आणि एक तपकिरी समोरासमोर आले की शून्य. ३ − ५ करायचंय तर तीन पांढरे मांडायचे. पाच काढायचेत, पण आहेत तीनच. मग दोन शून्याच्या जोड्या आत घाला, किंमत बदलत नाही. आता पाच पांढरे काढा, उरले दोन तपकिरी. पोरं स्वतःच्या हातानं करतात, म्हणून भांडतसुद्धा नाहीत उत्तरावरून. बाकावर तिघांत एक मूठ पुरते.

फळा_खडू | ६:१०
ताई, शुक्रवारी सकाळी ५८ जणांसाठी फोडलेले चिंचोके कुठून आणू?

गडहिंग्लजकर | ६:१४
कागदाचे कपटे घ्या, एका बाजूला पेन्सिलनं काळं करा. मुलांनाच करू दे, पाच मिनिटांचं काम.

जुना_गणितशिक्षक | ६:३०
शुक्रवारी बंधारा आणि कपटे. शनिवारी परत क्ष² − ७क्ष + १२ घ्या, आणि एकच सवय लावा: कंस काढला की लगेच गुणून वरच्या ओळीशी ताडायचं. −३(क्ष + ४) गुणलं तर −३क्ष − १२ येतं, वर तर + १२ आहे. चूक तिथंच सापडते, तुम्हाला लाल पेन उचलावं लागत नाही. आयताचे पट्टे चाचणीनंतर घ्या. चांगले आहेत, पण ऋण क्षेत्रफळ कसं दाखवायचं हा प्रश्न तिथंही येतोच.

सांगलीचा_गणितवेडा | ६:३८
उलट्या रंगाचे पट्टे घ्यायचे. जमतं.

---

फळा_खडू | शनिवार, दुपारी १:१५
काल पूर्ण तास बंधाऱ्यावर गेला. वर्ग इतका बोलला की शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आंबेवाडीची एक मुलगी म्हणाली, आमच्याकडं शून्य वेगळं धरायला पाहिजे, ३९ च्या आधीच रस्ता बंद होतो. मी म्हटलं, धर तुझं शून्य आणि मांड. तिनं सगळी उत्तरं नव्यानं काढली आणि प्रत्येक फरक तोच आला, हे तिनंच वर्गाला दाखवलं. वर्षभरात ती पहिल्यांदा फळ्याजवळ आली होती.
आज परत पाच गणितांची चिठ्ठी घेतली. −४ − ३ ला +७ लिहिणारे अकरा. अवयवांचं मात्र अजून अर्ध्यांना गुणून बघायचा कंटाळा येतो. ज्याची वही वर दिली होती, त्यानं आज क्ष(क्ष − ४) − ३(क्ष − ४) लिहिलं, आणि मग (क्ष − ४) ला दोनदा का नाही लिहायचं, असं विचारलं. मला पटकन नीट सांगता आलं नाही. हे कसं समजावता तुम्ही?

गडहिंग्लजकर | १:२२
पाच पिशव्यांत प्रत्येकी सात आंबे, दोन पिशव्या कुणाला दिल्या, उरल्या किती पिशव्या, असं विचारा. आंबे मोजायचे नाहीत, पिशव्या मोजायच्या. इथं (क्ष − ४) ही पिशवी. क्ष पिशव्या होत्या, तीन गेल्या.

नववीची_आई | १:४०
क्लासचं कुणी सांगितलंच नाही अजून. पण पिशवीचं आत्ता मुलाला विचारून बघते.