जड ग्राफिक्स कार्डाला टेकू: गरज की फॅशन? (चर्चा धागा)

मांजराकाठ, लातूर

आपल्याकडं कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्ड बसवायचं म्हणजे दोन स्क्रू आवळायचे आणि बाजूची काच लावून टाकायची. माझं मत: कार्ड दीड किलोच्या वर असेल तर टेकू दिल्याशिवाय कॅबिनेट गिऱ्हाइकाच्या हातात देऊच नये.

हिशोब बगा. आरटीएक्स ४०९० चं एनव्हिडियाचं स्वतःचं कार्ड ३०४ मिमी लांब आणि साधारण २.२ किलोचं. मदरबोर्डावरचा (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) ज्या खाचेत ते बसतं तो सोळा लेनचा, म्हणजे डेटाच्या सोळा वाटांचा, स्लॉट मात्र जेमतेम ९ सेंमी. म्हणजे निम्म्याहून जास्त कार्ड अधांतरी, घराच्या सज्जासारखं, फक्त खाली ब्रॅकेट नाही. वजनाचा मध्य मागच्या पत्र्यापासून १५ सेंमीवर धरला तर सगळा पीळ तो पातळ पत्रा, दोन स्क्रू आणि स्लॉट यांच्यावर. पुढच्या टोकाला टेकू लावला की निम्मं वजन तिकडं जातं.

तुटतं कुठं? कार्डाची जी सोनेरी पट्टी स्लॉटमध्ये जाते, तिच्या टोकाला जी आकडी स्लॉटच्या खटक्यात अडकते, तिच्या कोपऱ्यात. २०२३ मध्ये दुरुस्ती करणाऱ्यांनी जाहीर दाखवलेल्या कितीतरी कार्डांना तिथंच भेग होती. ती भेग कार्डाच्या सर्किट बोर्डाच्या आतल्या थरातल्या तारा तोडते, मग कार्ड ओळखलंच जात नाही. आतल्या थराला डाग (सोल्डर) देता येत नाही.

दुधना, सेलू

कामून घाबरवायलाव लोकांना? कार्ड लोंबतंय म्हणजे बोर्ड वाकलाय, असं नाही. मोठ्या कार्डांना मागं धातूची पाटी आणि आत चौकट असते. अख्खं कार्ड ताठच राहतं, झुकतो तो कॅबिनेटचा मागचा पत्रा. त्यात बहुतेकदा चूक बसवण्याची असते.

कॅबिनेट आडवं टाका, मदरबोर्ड खाली आणि कार्ड उभं. दोन्ही स्क्रू ढिले करा, कार्ड दाबा, खटका वाजला पाहिजे. त्याच अवस्थेत स्क्रू आवळा, मगच कॅबिनेट उभं करा. उभ्या कॅबिनेटमध्ये आवळलं तर कार्ड आधीच खाली आलेलं असतं आणि तुम्ही ते तसंच पक्कं करता. मागची जाड डिस्प्ले केबल टेबलामागं लोंबत असेल तर तीही कार्ड ओढते, तिला टेबलाच्या पायाला बांधा. एवढ्यानं बऱ्याच कार्डांचा झुकाव जातो, फुकटात.

मांजराकाठ, लातूर

आडवं टाकून आवळायचं, हे शंभर टक्के मान्य. पण "कार्ड ताठ राहतं" हेच तर दुखणं आहे, दुधना सर. ताठ कार्ड फिरलं की पट्टी स्लॉटमध्ये पहारीसारखी उचकते. आणि नव्या बऱ्याच कार्डांत सर्किट बोर्ड आखूड, कूलर (पंखे आणि उष्णता काढणारा धातूचा भाग) लांब. तो लोंबणारा कूलर चिपभोवतीच्या स्क्रूंनी बोर्डालाच धरलेला असतो. चौकट नीट नसेल तर ताण चिप आणि मेमरीखालच्या डागांवर जातो.

बालाघाट, बीड

दोघंही टेबलावरच्या कॅबिनेटचं बोलायलाव. एका जागी ठेवलेल्या कॅबिनेटमधलं कार्ड वर्षानुवर्षं टिकतं, मरतं ते प्रवासात. धुळे-सोलापूर रस्त्यावरनं उतरून गावाकडं वळलं की पुढचा खड्डा दोन किलोच्या कार्डाला क्षणभर कितीतरी पट जड करतो. चुंबकाचा टेकू तिथं सरकतो, पडतो आणि पंख्यात अडकतो.

कुरिअरनं किंवा एसटीच्या डिकीतून पाठवायचं तर कार्ड काढायचंच: अँटीस्टॅटिक पिशवीत, त्याच्या मूळ खोक्यात, वेगळं. स्वतःच्या गाडीत नेत असाल तर काच वर करून मागच्या सीटवर आडवं ठेवा.

गोदाकाठ, नांदेड

बालाघाट भाऊंचं बरोबर, पण म्हणून टेकू नको हे काही पटत नाही. टेकू चुकीच्या जागी लावला तर मात्र न लावलेला बरा.

कार्ड दोन दिशांनी झुकतं: पुढचं टोक खाली, आणि काचेकडची कडही खाली, कारण स्लॉट एकाच कडेला आहे. म्हणून टेकू पुढच्या, काचेकडच्या कोपऱ्याजवळ. टेकायचा तो प्लास्टिकच्या कडेवर, पंख्यावर किंवा पात्यांवर नाही. खाली एसएमपीएसचं (वीजपुरवठ्याच्या डब्याचं) झाकण लोखंडी असेल तरच चुंबक धरतं, ॲल्युमिनियम किंवा प्लास्टिकवर दुतर्फा टेप लागतो. तळाला पंखे असतील तर त्यांच्या चौकटीवर टेकू ठेवू नका, थरथरीनं तो हळूहळू ढिला होतो.

उंची डोळ्यानं ठरवू नका. झाकणापासून कार्डाच्या खालच्या कडेपर्यंत मोजपट्टीनं मोजा, एकदा मागच्या पत्र्याजवळ आणि एकदा पुढच्या टोकाला. फरक दोन-तीन मिमी असेल तर सोडून द्या. पाचच्या वर असेल तर टेकू फिरवत बरोबरीला आणा आणि थांबा. लोक अजून दोन आटे फिरवतात, मग पीळ उलटा बसतो.

नंतर जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लेनचा आकडा तपासा. सोळाऐवजी आठ किंवा चार दिसले तर पट्टी नीट बसलेली नाही. (काही मदरबोर्डांवर दुसऱ्या स्लॉटात एसएसडी टाकली की आठ होतात, ते वेगळं.) कार्ड निवांत असताना तिथं स्लॉटचा वेग १.१ दाखवतो, त्यानं घाबरू नका, कार्डावर लोड आला की वाढतो.

दुधना, सेलू

हे बगा, "अजून दोन आटे". म्हणूनच मी म्हणतो, शिकाऊ पोराच्या हातात टेकू देण्यापेक्षा स्क्रू नीट आवळायला शिकवा. आणि ते घरी छापलेले थ्रीडी टेकू! पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. परभणीत मे महिन्यात खोलीतच चाळीस, कार्डाखालची गरम हवा त्याहून वर. वजनाखाली तो टेकू महिनाभरात बसतो. छापायचाच तर पीईटीजी किंवा एबीएस.

खाम, संभाजीनगर

कार्ड उभंच बसवा ना, रायझर केबलवर (स्लॉटपासून कार्डापर्यंत जाणारी जोडकेबल). झुकावाचा प्रश्नच मिटला.

गोदाकाठ, नांदेड

मिटला नाही दादा, बदलला. तिसऱ्या पिढीची जुनी रायझर चौथ्या पिढीच्या कार्डाला लावली तर स्क्रीन काळी पडते, बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) स्लॉट जेन ३ वर, म्हणजे तिसऱ्या पिढीवर, आणावा लागतो. आणि पंखे काचेला चिकटले तर आपल्या उन्हाळ्यात तापमान चढणारच. पंखा आणि काचेत तीन-चार सेंमी मिळत नसतील तर त्या भानगडीत पडू नका.

मांजराकाठ, लातूर

एक राहिलं. सोळा पिनांची पॉवर केबल जोडापासून ३५ मिमीपर्यंत सरळ पाहिजे. टेकूनं कार्ड वर आलं की केबलचा कोनही बदलतो, म्हणून आधी टेकू, मग केबल. आणि काच लावताना ती केबलला दाबत असेल तर कॅबिनेटच अरुंद आहे, तिथं टेकूचा इलाज नाही.