मदत हवी आहे: फिल्म कॅमेऱ्यावर घरातले फोटो काळे येतात (बडोदा)

दांडियाबाजारवाली
इथे कोणी फिल्मवर फोटो काढतं का? माझा आख्खा रोल वाया गेलाय. घरातले सगळे फोटो काळे. अंधारात कोणीतरी बसलंय एवढंच कळतं, वर करडा रवा पसरलेला. आजी वाती वळतेय, बाबा तोंडावर पेपर घेऊन झोपलेत, आई आणि वहिनी जमिनीवर बसून वाल सोलतायत, असले फोटो हवे होते मला. सणाला रांगेत उभं राहून काढलेले मोबाइलमध्ये हजार आहेत.

रोल कुरियरने मुंबईला पाठवला होता, स्कॅन मेलवर आले. लॅब बदलू का? दुसरा रोल आणून ठेवलाय. रविवारी सगळे घरी आहेत आणि मंगळवारी दादा-वहिनी टोरांटोला परत जातायत, त्यामुळे जरा पटकन सांगा. आणि प्लीज कोणी "मोबाइलवर काढ" म्हणू नका.

कट्टेकरी
मोबाइलवर काढ. (हलके घ्या.)
पण खरंच, हल्ली असे फिल्टर आहेत की फिल्म आणि मोबाइल यातला फरक ब्रह्मदेवाला कळणार नाही.

रिळकाका
कॅमेरा कोणता? फिल्म किती आयएसओची, म्हणजे प्रकाश किती पटकन टिपणारी? फ्लॅश होता की नाही? "घरात" म्हणजे खिडकीशी की माजघरात? दिवसा की ट्यूबलाइटमध्ये? यातलं काहीच न सांगता लॅब बदलू का विचारणं म्हणजे ताप किती ते न सांगता डॉक्टर बदलू का विचारणं.

दांडियाबाजारवाली
कॅमेरा आजोबांचा आहे. फिल्म कोडॅकची, पिवळी डबी. फ्लॅश नाही वापरला, मुद्दामच. बहुतेक फोटो दिवसाचे आहेत. लॅबचं सांगा ना.

रिळकाका
कोडॅकची डबी पिवळीच असते. आणि "आजोबांचा" नावाची कंपनी माझ्या ऐकण्यात नाही.

तात्या इंदूरवाले
ताई, माझं ऐका, रंगीतच्या नादी लागू नका. घरगुती फोटोंना कृष्णधवलसारखं काही नाही. इल्फर्डची एचपी५ घ्या, ४०० आयएसओची, आणि घरीच धुवा. एक टाकी, फिल्म अंधारात हाताळायला एक चेंजिंग बॅग, डी-७६ (डेव्हलपर) आणि हायपो (फिक्सर), बास. एचपी५ला निखळ डी-७६मध्ये २० डिग्रीला साडेसात मिनिटं. आमच्या राजवाड्याजवळच्या खोलीत मी मोरीत बसून धुतो. रंगाची भानगड नाही, की ट्यूबलाइटची हिरवी छटा नाही.

निगेटिव्ह विचार
२० डिग्री? बडोद्यात? उन्हाळ्यात इथे गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहाला आधण ठेवल्यासारखं येतं. त्यापेक्षा सी-४१, रंगीत फिल्म धुण्याची पद्धत, बरं की, ते ३८ डिग्रीलाच करायचं असतं. तात्या, तुमचा सल्ला डिसेंबरात द्या.

तात्या इंदूरवाले
परातीत बर्फ ठेवायचा, त्यात बाटल्या. इंदूरला काय हिमालय आहे का? सी-४१मध्ये डेव्हलपरला सव्वातीन मिनिटं असतात आणि तापमान पाव डिग्री हललं तरी रंग बोंबलतात. नवशिक्या मुलीला हे सांगता?

दांडियाबाजारवाली
मी घरी काहीही धुणार नाहीये. आई मोरीत पाय ठेवू देणार नाही.
डबीवर "गोल्ड २००" आहे. कॅमेऱ्यावर यशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन असं लिहिलंय. लेन्सवरचा आकडा १.७ ठेवला होता, लेन्स सगळ्यात जास्त उघडते ती तिथेच ना? २०० पण लावलं होतं. मला सगळं येतं हो, फक्त फोटो येत नाहीत.

मधुरा क
"फक्त फोटो येत नाहीत" :)
इलेक्ट्रो म्हणजे रत्न आहे, जपून वापर. निगेटिव्ह हातात आहेत का? स्कॅनवरून काही ठरवू नकोस. लॅबचा स्कॅनर काळं उजळवायला बघतो, म्हणून तो करडा रवा दिसतो. निगेटिव्ह खिडकीसमोर धर. कडेला फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे छापलेले असतात. ते ठसठशीत असतील आणि मधली चित्रं मात्र नुसती नारिंगी, जवळजवळ कोरी असतील, तर धुण्यात खोट नाही, फिल्मला प्रकाशच कमी मिळाला. आकडेही पुसट असतील तर लॅबशी भांड.

दांडियाबाजारवाली
निगेटिव्ह आले नाहीत. लॅब म्हणते, हवे असतील तर वेगळ्या कुरियरचे पैसे भरा.

मधुरा क
भर. आजच भर. काही ठिकाणी थोडे दिवस ठेवून टाकून देतात. स्कॅन काय, परत करता येतो.

पोळीतला
रच्याकने, बडोद्यात राहून यशिका वापरता म्हणजे कमाल आहे. आग्फाचा क्लिक थ्री आपल्या बडोद्यात बनायचा, न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये. १२०चा रोल, बारा फोटो, लेन्सभोवती ढग आणि सूर्य असली दोनचार चिन्हं, बाकी काही फिरवायचं नाही. आमच्या घरातल्या सगळ्या मुंजी त्याच्यावर आहेत. आणि होमाईबेन व्यारावालांनी आयुष्याची शेवटची तीसेक वर्षं याच शहरात काढली, २०१२ साली इथेच गेल्या. नेहरू-माउंटबॅटनचे फोटो काढलेली बाई आपल्या गावात स्वतःचा भाजीपाला स्वतः आणायची आणि निम्म्या गावाला पत्ता नव्हता.

कट्टेकरी
क्लिक थ्रीवर घरातले फोटो? तुमच्या मुंजी गच्चीवर व्हायच्या का?

पोळीतला
अंगणात. मुंज अंगणातच करतात.

ग्वाल्हेरची माई
जुन्या अल्बमना बुरशी लागली असेल तर चिकटपट्टीचे अल्बम आधी फेकून द्या, फोटो त्या गोंदाने पिवळे पडतात. मऊ ब्रशने झटकून साध्या कागदाच्या पाकिटात ठेवावेत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. कपाटात डांबरगोळी ठेवू नये. आमच्याकडे सासूबाईंच्या लग्नाचे फोटो असेच वाचवले.

दांडियाबाजारवाली
माई, माझ्याकडे अजून अल्बममध्ये लावायलाच काही नाहीये.

निगेटिव्ह विचार
मुद्द्यावर येऊ. दांडिया बाजार, रावपुऱ्यातली जुनी घरं मी पाहिलीत. पुढची खोली सोडली तर आत दुपारीही दिवा लावावा लागतो. आपल्या डोळ्याला ते उजेडाचं वाटतं, फिल्मला वाटत नाही. २०० आयएसओ तिथे पुरणारच नाही. सरळ सांगतो: हाच रोल ८००वर लावा आणि लॅबला दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) पुश करायला, म्हणजे जास्त वेळ धुवायला सांगा.

रिळकाका
अजिबात करू नका. पुश केल्याने सावलीत जे नोंदलंच गेलं नाही ते उगवत नाही. उजळ भाग अजून भडक होतो, रंग सरकतात, रवा वाढतो. आजीचं पांढरं पातळ झगझगेल आणि आजी तशीच काळोखात. पैसे असतील तर ४००ची फिल्म घ्या, पुशच्या फंदात पडू नका.

आणि मला अजून एक पटत नाहीये. १.७ला उघडलेली लेन्स आणि इलेक्ट्रोचा आपोआप शटर. अंधार असेल तर तो कॅमेरा शटर लांबवतो. मग फोटो हललेले यायला हवेत, काळे नाही. तुमचे फोटो हललेत का?

दांडियाबाजारवाली
नाही, हलले नाहीत. झूम केलं तर बाबांच्या पेपरवरची हेडलाइन वाचता येते, काळोखात. कमाटी बागेत भाचीचे काढले ते तर छानच आलेत, त्यांचं काय सांगायचं म्हणून लिहिलं नव्हतं. तिथे ८ का ११ ठेवलं होतं.

रिळकाका
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! बॅटरी कोणती घातलीय?

दांडियाबाजारवाली
कुठली बॅटरी? सगळं बसवून, पुसून देणाऱ्या दुकानदाराने सांगितलं, "आमां बेटरीनी जरूर नथी," जुना कॅमेरा, सगळं चावीवर चालतं म्हणून.

रिळकाका
चावीवर चालणारे कॅमेरे असतात, हा नव्हे. नावातच इलेक्ट्रो आहे. याच्या शटरला बॅटरी लागते. नसेल तर खटका होतो, रोल पुढे सरकतो, सगळं ठीक वाटतं, पण ऑटोवर शटर कायम १/५०० सेकंदावरच पडतो.

आता जुळवून बघा. कमाटी बागेत ऊन, २००ची फिल्म, एफ ८ किंवा ११, १/५००: जवळजवळ हवं तेच एक्स्पोजर. घरात एफ १.७ला, खिडकीपासून आत, १/३० तरी हवं होतं. मिळालं १/५००. म्हणजे चार स्टॉप कमी, सोळावा हिस्सा प्रकाश. हेडलाइन वाचता येते तीही त्यामुळेच, १/५००ला काही हलत नाही. लॅबचा काही संबंध नाही.

मधुरा क
+१. काका, दंडवत.

निगेटिव्ह विचार
पण त्याची मूळ बॅटरी ५.६ व्होल्टची, पाऱ्याची. ती केव्हाच बंद झाली. ६ व्होल्टची घालून प्रकाश मोजणारं मीटर चुकीचं वाचणार.

रिळकाका
कॅनोनेटसारख्या १.३५ व्होल्टवाल्यांना तो त्रास होतो, कबूल. इलेक्ट्रोला ६ व्होल्ट चालतात. माझा स्वतःचा कित्येक वर्षं त्यावरच चाललाय, आणि रंगीत निगेटिव्ह फिल्म तेवढा फरक पोटात घेते.

निगेटिव्ह विचार
"माझा चाललाय" हा पुरावा नाही.

रिळकाका
बरं. तुमच्याकडे पाऱ्याची असेल तर पाठवा त्यांना, रविवारच्या आत.

दांडियाबाजारवाली, ४एलआर४४ मागा. काही जण तिला पीएक्स २८ए म्हणतात. बारीक दंडगोल असते, खणात लांबीला कमी पडते. अडॅप्टर मिळाला तर उत्तम, नाहीतर बॉलपेनमधली स्प्रिंग जाडसर घडी करून, आणि भोवती पुठ्ठ्याची गुंडाळी. खणातल्या पत्र्यावर हिरवट काही असेल तर कापसाला व्हिनेगर लावून पुसा, कोरडं होऊ द्या. मग मागचं तपासणीचं बटण दाबा, दिवा लागला पाहिजे.

रोल घालायच्या आधी मागचं दार उघडून पाहा: उजेडात शटर पटकन मिटेल, लेन्सच्या वरची मीटरची खिडकी हाताने झाकली तर बराच वेळ उघडा राहील. हा फरक दिसला की जिंकलात.

तात्या इंदूरवाले
आणि पुढच्या खेपेला एचपी५.

मधुरा क
बॅटरीचं झालं की दुसरा प्रश्न येणार, तो आत्ताच सांगते, कारण मी त्यातून गेलेय. तुला रोजचं घर हवंय, पण कॅमेरा डोळ्याला लावला की आमच्या आत्या पदर सावरून देवाच्या फोटोसारख्या ताठ बसायच्या. यावर उपाय लपून काढणं नाही, त्याने लोक अजून सावध होतात. मी कॅमेरा सकाळपासून जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी ठेवून दिला. येता-जाता उगाच डोळ्याला लावला, फोटो न काढता. दुपारपर्यंत कोणी बघेना.

ओट्यापाशी, आजीच्या पाटापाशी, दिवाणापाशी जाऊन अंतर आधीच लावून ठेव. २.८ला दोन मीटरवर जेमतेम फूटभर खोली शार्प येते, १.७ला त्याहून कमी, त्यामुळे "अंदाजे" नको. माणूस स्वतःच्या जागी येऊन बसतोच, सवयीने. मग फक्त कॅमेरा उचलायचा. त्याचा शटर एवढा हळू वाजतो की शेजारच्याला कळत नाही. आणि हात बघ. आमच्या घरातले ठेवण्यासारखे निघालेले फोटो बहुतेक हातांचेच आहेत. चेहरे सगळ्यांनी आपापले नीट करून घेतले होते.

फोटो झाल्यावर "दाखव" म्हणतील. दाखवता येत नाही, हाच या प्रकारातला सगळ्यात मोठा फायदा. कोणी डिलीट करायला लावत नाही.

कट्टेकरी
आता हे मात्र पटलं. आमच्या मातोश्रींनी माझ्या मोबाइलमधले स्वतःचे निम्मे फोटो उडवलेत.

पोळीतला
अवांतर: रविवारी सगळे घरी असतील तर सकाळी सेव-उसळ आणा. खाताना कोणी पोज देत नाही.

दांडियाबाजारवाली
बॅटरी मिळाली, रावपुऱ्यात नाही, घड्याळवाल्याकडे. अडॅप्टर नव्हता, पेनची स्प्रिंग. दिवा लागला! खिडकी हाताने झाकून शटर पाहिला, खरंच उघडा राहतो. दुकानदाराशी मी सोमवारी बोलते.
आता आत पाहिलं की वर नारिंगी बाण लागतोय, माजघरात तर सारखाच. हे बिघडलंय का? आणि निगेटिव्हचे पैसे भरलेत.

रिळकाका
बिघडलेलं नाही, मीटर जिवंत झाल्याची खूण आहे. नारिंगी म्हणजे शटर १/३०च्याही खाली जाणार, हात हलला तर फोटो हलणार. दाराच्या चौकटीला खांदा टेकवा, श्वास सोडून दाबा, किंवा वालाची परात खिडकीशी न्या. बसणारं बसलेलं असेल तर १/१५ही निघतो. भाची असेल तर नाही. आणि २०० हा आकडा तसाच राहू द्या, कोणी ८०० सांगितलं तरी.

निगेटिव्ह विचार
मी ८०० सांगितलं ते बॅटरीचं कळायच्या आधी. नोंद असावी.

दांडियाबाजारवाली
नोंद केली. आजीने विचारलं, स्प्रिंग कुठल्या पेनातली काढलीस. तिच्याच पेनातली होती.