मदत हवी आहे: मुलाचं फुटबॉल बंद करू का? उद्या फी भरायचीय

जुळेसोलापूरकरीण: मुलगा फुटबॉलला जातो. आता गुडघा दुखतो म्हणतोय. सासूबाई म्हणतात बंद करा, पाय मोडून घेईल. हे म्हणतात खेळू दे, नाहीतर मोबाइल सोडणार नाही. उद्या तीन महिन्यांची फी भरायचीय, एकदा भरली की परत मिळत नाही. लवकर सांगा. फाटे फोडू नका.

हद्दवाढवासी: वय किती? गुडघ्याला नेमकं कुठे दुखतं? कधीपासून?

शेंगाचटणी: रात्री भिजवलेली खारीक द्या दुधातून. आमचा दादा त्यावरच वाढला.

जुळेसोलापूरकरीण: सहावीत आहे. गुडघ्यालाच दुखतं, म्हणून तर गुडघा लिहिलं.

रंकाळा_काठी: बंद?? आमच्या कोल्हापुरात पोरगं चालायला लागलं की बॉल पायात. 2017 चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप आपल्या अनिकेत जाधवनं खेळला, तो काय घरी बसून?

हद्दवाढवासी: तुमची हवा वेगळी. इथं मे महिन्यात 43 डिग्रीत पोरं पळवतात. आधी उन्हाचं बघा.

पार्कचौक_बापू: क्रिकेटला घाला, पार्क मैदान आहेच. फुटबॉलमध्ये डोक्याने बॉल मारतात. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं 2015 मध्येच दहा वर्षांपर्यंतच्या पोरांना ते बंद केलं.

रंकाळा_काठी: बापू, दुखतोय गुडघा. आणि सीझनचा बॉल तोंडावर बसला तर काय गुदगुल्या होतात?

पालक_विजापूररोड: दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, म्हणून चालू ठेवा.

हद्दवाढवासी: पोरगं सहावीत आहे हो!

फिजिओताई: वाटीच्या खाली, नडगी सुरू होते तिथं टेंगूळ आहे का? दाबलं की, जिना चढताना दुखतं का? या वयात उंची भराभर वाढते, मांडीचा स्नायू ताठ होतो आणि पळताना, किक मारताना त्याची ओढ त्याच जागेवर बसते. ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. बहुतेकांचं वाढ थांबली की जातं. खेळ सोडायची गरज सहसा पडत नाही, कमी करावा लागतो. पण गुडघा सुजला, लंगडायला लागला, ताप आला किंवा दुखण्यानं रात्री झोपेतून उठला, तर थेट हाडांच्या डॉक्टरांकडे. आठवड्यात किती दिवस खेळतो?

जुळेसोलापूरकरीण: टेंगूळ आहे! मला वाटलं पडला असेल. सकाळी शाळेच्या टीमचा सराव, संध्याकाळी अकॅडमी. रविवारी मॅच. दोन महिने झाले दुखतंय. बूट मोठ्याचे आहेत, पुढे कापूस घालतो.

हद्दवाढवासी: बाई, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं की! आम्ही इथं अमेरिकेत जाऊन आलो.

फिजिओताई: दोन्हीपैकी एकच सराव ठेवा. आठवड्यातून दोन दिवस पूर्ण सुट्टी. खेळून आल्यावर दहा-पंधरा मिनिटं बर्फ, फडक्यात गुंडाळून. बूट आधी बदला. आणि एकदा डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवाच, मी इथून नुसता अंदाज सांगतेय.

रंकाळा_काठी: बॉल कुठला वापरतात? बारापर्यंत चार नंबरचा पाहिजे. पाच नंबरचा मोठ्यांचा.

जुळेसोलापूरकरीण: नंबर बघितला नाही. अकॅडमीला फोन केला, एका महिन्याची फी घेत नाहीत म्हणे, तीनचीच. सकाळच्या सरांना सांगायला हे जाणार आहेत. सासूबाईंनी तोवर आंबेहळदीचा लेप लावलाय, काढू देत नाहीत. नवी पेठेत लहान मापाचे स्टडचे बूट मिळतात का?

शेंगाचटणी: मिळतील. खारकेचं काय ठरलं?