सिगडी, बाटी, बार्बेक्यू: तुमच्याकडे काय झालं ते लिहा

इंदूरकरांनो, थंडी पडली की आपल्याकडे रविवारी कोणी ना कोणी शहराबाहेर चोरलला नाहीतर गच्चीवर सिगडी पेटवतंच. परवा आमच्या गच्चीवर कोळसा धरत नाही म्हणून भाच्याने धुमसत्या कोळशावर बाटलीतून पेट्रोल ओतलं, आणि भडका उलटा थेट बाटलीपर्यंत आला. बाटली फेकली म्हणून वाचला, भुवया जळल्या. दोन रात्री झोपले नाहीये मी. तुमचे अनुभव लिहा, कोणाच्या तरी पोराला कामी येतील.

सुदामा नगर: ताई, आमच्याकडे वहिनीच्या नायलॉनच्या ओढणीने पेट घेतला होता. भाजलेल्या हातावर लावायला कोणी टूथपेस्ट आणायला धावलं, आईने तिला ओढत नळाखाली नेलं आणि वीस मिनिटं हात धारेखाली धरून ठेवला. डॉक्टर म्हणाले हेच बरोबर केलं, बर्फही लावायचा नाही.

लोकमान्य नगर: आमचं तर आगीने नाही, न दिसणाऱ्या गॅसने झालं. जानापावच्या डोंगराजवळ टेंट लावलेला, जानेवारीची थंडी, पनीर-चिकन भाजून झालं, निखारे लाल होते पण धूर अजिबात नव्हता, म्हणून ऊब राहील असं वाटून आम्ही सिगडी आत घेतली आणि चेन लावून झोपलो. रात्री मित्राला उलटी आली म्हणून तो बाहेर गेला, मला उठवायला लागला तर माझे पायच उचलेनात, डोकं फुटायला आलेलं. त्याने दोघांना ओढून बाहेर काढलं, तसंच गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं, ऑक्सिजन लावला. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेत कळतही नाही. खिडकी थोडी उघडी ठेवली तरी भागत नाही. हात जोडून सांगतो, विझत आलेली सिगडीसुद्धा आत घेऊ नका. त्या मित्राला उलटी झाली नसती तर आज हे लिहायला मी नसतो.

राजेंद्र नगर: बाटीच्या कंड्यांची, म्हणजे शेणाच्या गोवऱ्यांची, राख सकाळी वरून गार वाटली म्हणून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. तासाभरात डबा वितळला, बाजूला स्कूटर उभी होती. आता पत्र्याच्या घमेल्यात पाणी ओतून, ढवळून, दुसऱ्या दिवशीच टाकतो.

मी पण लिहिते. कच्चं चिकन ज्या ताटात आणलं त्याच ताटात भाजलेलं काढलं होतं, चार जण आजारी पडले, त्यात सासूबाई तीन दिवस सलाइनवर. आता दोन ताटं, दोन चिमटे.

लोकमान्य नगरवाले दादा, तुमचं वाचून नवऱ्याला फोन केला. ते आज कॅम्पला निघालेत, सिगडी डिकीत आहे.